सागवानी टेबल व इतर हरकती

प्रथम तारखा. पोळ्यानंतरच्या करीच्या दिवशी माझ्या लिहिण्याच्या सागवानी टेबलाचा माथा करवतीने कापण्यात आला, जबाबदार, पत्नी. घटस्थापनेला आमच्या लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्हची काळी टोके कात्रीने वेगळी करण्यात आली, जबाबदार, पत्नी. दसऱ्याला कपाटाच्या दाराचा आरसा उतरवून टेबलाच्या पोटात तिरका बसवण्यात आला; जबाबदार, पत्नी व तिचा धाकटा भाऊ, जो पूर्णेला रेल्वेत नोकरीस असून सुट्टीला परभणीस येतो आणि माझ्या घराची मोडतोड करतो. दिवाळीच्या पाडव्याला, ओवाळून झाल्यावर, कपाळीचे कुंकू ओले असतानाच माझ्या हाती सोल्डरिंगची तापलेली सळई देण्यात आली. या शेवटच्या कृत्यास माझी संमती होती, असा विरुद्ध पक्षाचा दावा आहे. मी सळई खाली ठेवली नाही, एवढेच मला मान्य आहे.

माझी हयात न्यायालयाच्या कचेरीत गेली. निवृत्तीनंतर त्या टेबलावर बसून मी नळाच्या पाण्याबद्दल, विजेच्या खांबाबद्दल आणि मानवतच्या बसस्थानकावरील चुकीच्या वेळापत्रकाबद्दल इतकी पत्रे लिहिली आहेत की टेबलाच्या कडेला माझ्या मनगटाची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. ती कड आता गच्चीवर आहे आणि तिच्यावर कुंड्या आहेत.

पत्नी भूगोलाची शिक्षिका होती. टेबल कापण्यापूर्वी मी रीतसर लेखी हरकत घेतली. तिचे उत्तर तोंडी आले, तेही भेंडी चिरताना. ती म्हणाली, “अहो, जन्मभर नकाशा भिंतीला टांगून शिकवला. फाटेल म्हणून एका लेकराला हात लावू दिला नाही. आता हात लावण्यासाठीच एक नकाशा करायचाय मला.”

यावर कायद्यात उत्तर नाही. मी शोधले होते.

यंत्राची हकीगत थोडक्यात अशी. टेबलाच्या माथ्याच्या जागी ॲक्रिलिकची जाड पारदर्शक पाटी. तिच्या चारी कडांना डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे बारीक दिवे. पाटीवर बोट टेकले की तेवढ्या जागी तो प्रकाश खाली सांडतो. खाली बसवलेला कॅमेरा ते सांडणे टिपतो. त्याला दुसरा कोणताही उजेड दिसू नये म्हणून त्याच्या डोळ्यावर आमच्या लग्नाची काळी पट्टी. मग संगणक ओळखतो की इथे बोट आहे, आणि जुन्या प्रोजेक्टरमधून आरशामार्फत पाटीवर उमटणारा नकाशा त्याप्रमाणे सरकवतो. दोन बोटे फाकवली की नकाशा मोठा होतो. दहा बोटे टेकली तर दहाही ओळखतो. कडांचे दिवे मी जोडले. सोल्डरचा एकही डाग कच्चा नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मेहुण्याच्या साक्षीने तोंडी करार ठरला: संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांसमोर टेबल चालले, तर ते कायमचे पत्नीचे. न चालले, तर पाटी निघेल, नवा सागवानी माथा बसेल आणि टेबल मला परत मिळेल. तोवर मी मांडीवर पाट घेऊन लिहावे.

सुरुवातीस सर्व पुरावा माझ्या बाजूने होता. खिडकीतून ऊन आले की कॅमेऱ्याला सगळीकडे बोटेच बोटे दिसत आणि परभणी जिल्हा आपण होऊन उठून विदर्भात जाई. पत्नीने जाड पडदे लावले. जिल्हा जागेवर आला, पण मग हलेचना. थंडीत मी रोज साबणाने हात धुऊन, पंच्याने खडखडीत कोरडे करून पाटीवर बोट ठेवी, आणि नकाशा ढिम्म. पाटीस डाग पडू नये म्हणून हात धुण्याचा हा नियम मीच घातला होता व सर्वांवर बंधनकारक केला होता. मेहुणा गालात हसून म्हणाला, “दाजी, तुमच्या बोटाला नकाशा घाबरायलाय.”  दावा जिंकत असतानाही मला आनंद होत नव्हता. तीन-तीनदा मी दिवे तपासले; टेबल परत हवे असलेल्या माणसाने ते का तपासावेत, हा प्रश्न उलटतपासणीत कोणी विचारला नाही म्हणून बरे.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी पुरुषांना मज्जाव असल्यामुळे मी आतल्या खोलीत दाराला पाठ टेकून बसलो. बाहेर बांगड्या वाजत होत्या, अत्तराचा वास येत होता. पत्नीने पडदे ओढून नकाशा लावल्याचे कळले. मग एकदम शांतता. मी मनातल्या मनात सुताराला निरोप धाडला.

तेवढ्यात आमच्या शेजारीण बाईंचा, ज्यांचे माहेर पेडगावचे, आवाज आला. “अगं बया, माझं माहेर सरकायलंय की.” पाठोपाठ गलका. कुणी गोदावरी ओढत होती, कुणी पूर्णा जंक्शन मोठे करून लेकीचे रेल्वे क्वार्टर शोधत होती. चार-चार जणींचे हात एकाच वेळी पाटीवर, आणि नकाशा प्रत्येकीचे ऐकत होता. मला प्रवेशबंदीचा विसर पडून मी बाहेर आलो.

शेजारीण बाई म्हणाल्या, “काका, लावा बोट. लय सोपं हाय.” मी बोट लावले. नकाशा ढिम्म. सगळ्याजणी हसल्या. मी तिथल्या तिथे जाहीर केले की टेबल एका पक्षकारास दाद देत नसल्याने करार पूर्ण झालेला नाही.  पत्नीने माझ्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला आणि म्हणाली, “आधी खा. मग लावा.”

मी लाडू खाल्ला. तुपाचे बोट पाटीवर ठेवले. पेडगाव माझ्या बोटामागे लोण्यासारखे आले. मी दोन्ही हात लावले. परभणी शहर मोठे होत होत आमची गल्ली आली. भोवती बायका आपापली गावे विसरून पाहत होत्या, आणि मी किती वेळ तो जिल्हा पुढे-मागे करत राहिलो, याची नोंद मजजवळ नाही. दावा मी तिथेच हरलो. टेबल पत्नीचे आहे. मी पाटावर लिहितो आहे.

मात्र मागाहून पत्नीने शांतपणे सांगितले की कोरड्या बोटाला पाटी दाद देत नाही. ओलसर वा तेलकट बोट हवे. तेव्हा प्रश्न उरतो. आमच्या घरी वर्षानुवर्षे आधी हळदीकुंकू, मग अत्तर, आणि निघताना वाणाबरोबर तिळगूळ, असा क्रम आहे. यंदाच तिळगूळ दारात, आल्या-आल्या, प्रत्येकीच्या हातावर का ठेवण्यात आला? ही गोष्ट पत्नीस कोणत्या दिवशी कळली होती? आणि ती कळल्यानंतरही मला रोज साबणाने हात धुताना पाहून ती स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून का उभी राहत असे? या तिन्ही प्रश्नांचा जबाब तिने पुढल्या हळदीकुंकवास, त्याच बायकांसमोर, त्याच टेबलापाशी उभे राहून, जाहीरपणे द्यावा, अशी माझी मागणी आहे.