सुभद्रा आत्याच्या वायफायला कुलूप

समजा, तुम्हाला घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलायचा आहे. मोबाइल हातात घ्यायचा, ब्राउझर उघडायचा, राउटरच्या पाठीवर छापलेला आकड्यांचा पत्ता टाकायचा, आत शिरायचं, जुना पासवर्ड पुसून नवा लिहायचा आणि सेव्ह दाबायचं. चहा उकळेपर्यंत होणारं काम. आता समजा की तुम्ही नांदेडला आहात, राउटर किल्लारीत आहे आणि तुमच्या नि राउटरच्या मध्ये माझी सुभद्रा आत्या आहे. चहाचं विसरा.

आत्या मूळची आमच्या कंधारची. लग्न होऊन किल्लारीला गेली आणि वर्षाच्या आत भूकंप झाला. संसार सुरू झाला तो पत्र्याच्या शेडमध्ये. पुढे नवं गाव वसलं, सरळ रेषेतल्या गल्ल्या आल्या, एकसारखी घरं आली. शेडमध्ये शेजारी असलेली जगदेवीकाकू नव्या गावातही समोरच्याच घरात आली. तेव्हापासून त्या दोन घरांना दारं आहेत, पण ती लावतात फक्त कुत्रं आत येऊ नये म्हणून.

आत्याचा दिवस पहाटे गोठ्यात सुरू होतो. शेतात ती गड्याच्या बरोबरीनं उभी राहते. सोयाबीनच्या राशीच्या वेळी मळणीयंत्रवाल्याला तिनं असं काही झापलं होतं, की तो अजून तिला लांबूनच रामराम करतो. म्हणजे बाई भित्री नाही. तिला फक्त एक गोष्ट जमत नाही. दारात येऊन कुणी काही मागितलं तर नाही म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या घरी फायबरचं कनेक्शन आलं. गल्लीत पहिलं. आणि शेवटचंही, कारण त्यानंतर बाकी कुणाला ते घ्यायची गरजच पडली नाही.

मी नांदेडला एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. आमच्या खानदानात कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली, त्यामुळे मोबाइल गरम होण्यापासून गॅसची सबसिडी न येण्यापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. पण त्या दिवशी आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळा होता.

"गीते, ऋतुजाची मुलाखत गेली बग."

ऋतुजा तिची मुलगी. लातूरला बीएस्सी झालेली, सहा महिने घरी बसून अर्ज करणारी. पुण्याच्या एका कंपनीनं तिला ऑनलाइन मुलाखतीला बोलावलं होतं. काम घरून करायचं. मुलाखत सुरू झाली आणि तिसऱ्याच प्रश्नाला ऋतुजाचं चित्र तोंड उघडं ठेवून थिजलं. पलीकडच्या बाई "हॅलो, हॅलो" म्हणत राहिल्या आणि मग गेल्या. ऋतुजानं मेल लिहून विनवण्या केल्या, तेव्हा त्यांनी आणखी एक संधी दिली. येत्या सोमवारी, सकाळी अकरा. मोबाइलच्या नेटवर मुलाखत देता आली नसती. त्या घरात मोबाइलला रेंजची एकच काडी येते, तीही खिडकीत उभं राहिल्यावर.

"आता परत बंद पडलं तर माझी पोरगी पुण्याला जाऊन भाड्याच्या कॉटवर राहील," आत्या म्हणाली. "इथं बसून नोकरी मिळून राहिली आन् त्या डबड्यापायी जाती. काय तरी कर माय."

मी ऋतुजाकडून राउटरच्या पानाचा फोटो मागवला. घरात मोबाइल तीन. जोडलेली उपकरणं मोजता मोजता माझी बोटं संपली. त्यात दोन टीव्ही होते. आत्याच्या घरी टीव्ही एकच आहे.

"आत्या, पासवर्ड बदलायचा. आत्ताच. मी सांगते तो टाइप कर."

"थांब, चष्मा सापडंना. जगदेवे! ए जगदेवे! ये गं जरा, गीता काय तरी सांगून राहिली, ते मोबाइलवर टाक."

"आत्या! जगदेवीकाकूला कळू नये म्हणून तर बदलतोय ना!"

फोन स्पीकरवर होता.  पलीकडून जगदेवीकाकूचा आवाज आला. "मला कळलं तर काय होतंय गं बाई? मी काय गावभर सांगत फिरते का?"

शेवटी तिनंच टाइप केला. एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत, उंबऱ्यात बसून. संध्याकाळी ऋतुजाचा मेसेज आला: सगळे परत आलेत.

दुसऱ्या वेळी मी आत्याला मध्ये घेतलंच नाही. ऋतुजाला फोनवर सांगितलं, तिनं पासवर्ड बदलला. एक दिवस बरा गेला. मग आत्यानं भांडण काढलं, "माझ्या घरातल्या वस्तूचा पासवर्ड मलाच म्हाईत नसावा?" तिला सांगावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली पुन्हा हजर.

"आत्या, कुणाला दिलास?"

"आगं, लक्ष्मीबाई विरजण मागायला आली होती. मग म्हणाली, वायफाय पण दे. विरजण दिलं आन् हे न्हाई म्हणू?"

"विरजण आणि वायफाय एक आहे का?"

"का? दिल्यानं विरजण तरी कुठं संपतं?"

मी तिला समजावलं, की वायफाय संपतं. पाइप एकच असतो आणि सगळ्यांनी तोट्या सोडल्या की शेवटच्या तोटीला करंगळीएवढी धार येते. ती म्हणाली, "हाव, हाव." हे हाव मी ओळखते. ते ऐकल्याचं असतं, पटल्याचं नसतं.

इकडे ऋतुजाचं डोकं फिरलं होतं. तिनं रागाच्या भरात वायफायचा तर बदललाच, राउटरच्या आत शिरायचा पासवर्डही बदलून टाकला, आणि सकाळी तो तिला आठवेना. त्यातच बाहेर राहिलेल्या गल्लीसाठी आत्यानं लेकीच्या मोबाइलवरचा, स्कॅन केला की वायफायला जोडणारा चौकोनी कोड दाखवायला सुरुवात केली. "मी पासवर्ड कुठं सांगितला? नुसता मोबाइल धरला एकेकीपुढं."

रविवारी सकाळी मी नांदेडहून लातूरची बस धरली. लातूरहून किल्लारीची जीप. मांडीवर कुणाची तरी मेथीची पिशवी घेऊन बसले होते आणि मनात एकच विचार: ज्या कामासाठी ऑफिसात मला खुर्चीतून उठावं लागत नाही, त्यासाठी मी दोन जिल्हे ओलांडते आहे.

आत शिरायला आता एकच वाट उरली होती. राउटर रीसेट करायचा, म्हणजे तो कारखान्यातून आला तसा कोरा होतो. मग त्याच्या पोटाखालच्या लेबलावर छापलेला मूळ पासवर्ड टाकायचा. नेटवाल्या उमाशंकरला आधी फोन करून विचारलं, रीसेट केल्यावर लाइन जाणार तर नाही ना? तो म्हणाला, "न्हाई मॅडम, आमच्याकडून आपोआप येती. बिनधास्त दाबा."

पिन बारीक भोकात घालून मी बटण दाबून धरलं. दिवे विझले, पुन्हा लागले. राउटर उलटा केला.

लेबल होतं. त्याच्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं होती. त्याखाली मागच्या वर्षीच्या पाच बोटांचे पिवळे डाग. आणि ते घासून काढल्याचे ओरखडे. अक्षरांपैकी सुरुवातीचा एस आणि शेवटचा सात तेवढे वाचता येत होते.

"आत्या, हे काय आहे?"

"खंडेनवमीची पूजा. विळा, खुरपं, फवाऱ्याचा पंप, मिक्सर, समदं पूजलं. हे बी कामाचंच हाय की."

"अगं पण खालच्या बाजूनं का?"

"वरून दिवे हायत ना! ते झाकले तर? म्हणून खालून लावलं. दिवाळीत घासणीनं घासून बी काढणार होते, ह्या वर्षी राहून गेलं."

तिच्या दृष्टीनं तिनं काळजीच घेतली होती. मी कापूस, खोबरेल तेल, मोबाइलचा टॉर्च, सगळं करून पाहिलं. कुंकू निघालं, त्याच्याबरोबर आणखी दोन अक्षरंही निघाली. लेबलावरच्या चौकोनी कोडाची तर गोधडी झाली होती. उमाशंकरला पुन्हा फोन केला. "लेबलचा फोटो आम्ही कुठं ठेवताव मॅडम? उद्या दुसरा डबा आणून बसवतो की. दुपारपर्यंत."

मुलाखत अकराला. ऋतुजा आत जाऊन पलंगावर पालथी पडली. आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "तू तर शिकलेली हायस."  आधी जे जसंतसं चालत होतं, ते मी येऊन पूर्ण बंद पाडलं होतं.

तेवढ्यात दारातून आत्याला हाक आली. "अक्का, नेट गेलं का गं?"

गल्लीत सगळ्यात आधी जगदेवीकाकूलाच कळणार. ती आत आली, उलटा पडलेला राउटर पाहिला, माझ्या हातातला तेलकट कापूस पाहिला. "काय हुडकालीस?"

"लेबलवरचा पासवर्ड. पुसला गेलाय."

"तो व्हय? माझ्याकडं हाय की त्याचा फोटो. बसवला त्याच दिवशी काढून ठेवलाय. म्हणलं, अक्काला घडीघडी कशाला तरास द्यायचा."

ती मोबाइलवर बोट सरकवत राहिली. सुप्रभातची फुलं गेली, कुणाच्या बारशाचे फोटो गेले, बैलाचे गेले. आणि मग लेबल आलं. स्वच्छ, कोरं, शेवटच्या सातापर्यंत वाचता येणारं. मी हात पुढे केला, तसा तिनं मोबाइल जरा मागे घेतला.

"पण कशाला पाहिजे?"

 ऋतुजा आतून उठून दारात येऊन उभी. काहीतरी खोटं सांगायला मी तोंड उघडणार, तोच आत्या म्हणाली, "तुला बंद करायला."

"काय?"

"तुला आन् समद्या गल्लीला. उद्या पोरीची मुलाखत हाय. मागच्या खेपंला तुमच्यापायी बंद पडली."

"म्हंजे मला बंद करायचं, आन् फोटो मीच द्यायचा?"

"हाव."

जगदेवीकाकू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बग बाई ह्या बयेचं! शेडमधी माझ्या स्टोव्हवर सहा महिने भाकरी भाजल्या हिनं."

"मग? रॉकेल कुणाचं होतं?"

"रॉकेल तुझं, पण पिना माझ्या!"

 मला वाटलं, आता खरंच भांडण होणार. मग काकूनं मोबाइल माझ्या हातात आदळला. "घे. किती वाजता हाय पोरीचं?"

"अकराला."

"दुपारी चालू करा म्हंजे झालं. संध्याकाळी माझी मालिका असती."

मी राउटरमध्ये शिरले, नवा पासवर्ड लावला. तो फक्त मला आणि ऋतुजाला माहीत. आत्यानं स्वतःच सांगितलं, "मला सांगू नको माय. माझ्या तोंडाचा मलाच भरोसा न्हाई."

सोमवारी आत्या ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत राखणीला बसली. मुलाखत सुरू असताना तिघी येऊन गेल्या. पहिलीला तिनं सांगितलं, लाइन गेली. दुसरीला, डबा बिघडला. तिसरीला तिनं काही सांगायच्या आतच समोरच्या ओट्यावरून जगदेवीकाकू ओरडली, "पोरीची मुलाखत चाललीय, जा घरी!" आतापर्यंत दिलेल्या दोन्ही थापा अशा एका दमात उघड्या पडल्या आणि आत्या भाजीत तोंड खुपसून बसली.

आत चित्र एकदाही थिजलं नाही. ऋतुजा बाहेर आली ती घामेजलेली. "पुढच्या सोमवारी दुसरी फेरी," ती म्हणाली. "आणि नोकरी लागली तर रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. नेट तुटून चालणार नाही म्हणाल्या."

आत्याचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू उतरला. "म्हंजे हे कुलूप आता रोजचंच?"

"रोजचंच."

"जगदेवीला मी दुपारी चालू करते म्हणून सांगितलंय."

मी तिला तोडगा सांगितला. एकाच राउटरमधून दोन नावं काढता येतात. एक घरचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या नावाला वेग कमी ठेवायचा. सगळी गल्ली त्याच्यावर राहील, मालिका अडखळत का होईना दिसेल, आणि ऋतुजाच्या कामाला धक्का लागणार नाही. मला वाटलं होतं, ती खूश होईल. दोन मिनिटांत मी ते करूनही टाकलं आणि नव्या नावाचा पासवर्ड तिच्या हातात दिला. जा, वाट गावभर.

ती उठली, पदरानं हात पुसले, रस्त्यापर्यंत गेली. समोर जगदेवीकाकू मोबाइल घेऊन वाटच बघत होती. आत्या मध्येच थांबली आणि परत आली. माझ्या अगदी जवळ येऊन, आवाज दाबून म्हणाली,

"गीते, मला एक सांग. तिला दिलंय ते कमी हाय, हे तिच्या मोबाइलवर दिसंल का गं?"