जावयाचं घड्याळ

माझ्या थोरल्या साडूंइतकी भारी घड्याळं अख्ख्या पुणे जिल्ह्यात क्वचितच कुणाकडे असतील, आणि त्यांच्याइतका उशिरा पोचणारा माणूस तर नक्कीच नसेल. मी त्यांना दाजी म्हणतो. वरवंडला त्यांचा ऊस आहे, घर आहे आणि घरात एक लोखंडी कपाट आहे. कपाटात जुनी परदेशी मनगटी घड्याळं. साधीसुधी नव्हेत, क्रोनोग्राफ! मोठ्या तबकडीत दोन-तीन बारक्या तबकड्या, कडेचं बटण दाबलं की काटा पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो. आज यातलं कुठलं बांधायचं हे ठरेपर्यंत लग्नाच्या अक्षता पडून गेलेल्या असतात. उसाचं बिल जमा झालं की आक्का, म्हणजे त्यांची बायको, आधी त्यांचा मोबाईल लपवते, नाहीतर त्यावरून आणखी एक घड्याळ मागवलं जातं.

दाजी कुणाशी हात मिळवत नाहीत, लांबूनच नमस्कार करतात. लोक म्हणतात, काय संस्कार! कसले डोंबलाचे संस्कार, घड्याळाला धक्का लागेल म्हणून! दशक्रियेला मात्र त्यांना पुढच्या रांगेत बसवतात. आमच्याकडे श्रद्धांजलीचं भाषण मयतापासून निघतं आणि कालव्याच्या पाण्यावरून थेट विधानसभेत पोचतं. पुढाऱ्यानं तोंड उघडलं की दाजी मनगट वर करून बटण दाबतात. एकदा एकाला भर सभेत म्हणाले, "सायेब, कावळा कवाच शिवला, तुमचंच सरंना!" तेव्हापासून भाषणं आटोपशीर झाली, आणि गाव त्यांना दुवा देतं.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. मुलगा शिरूरकडचा, रांजणगावला कंपनीत. बैठकीत मुलाचे चुलते म्हणाले, "आमाला बाकी काय नको. नवरदेवाला घड्याळ घालायची रीत हाय, ते तेवढं तुमच्या कपाटातलं घाला." दाजींचा चेहरा पांढराफटक! आक्कानं मला बाजूला घेतलं. "पाव्हणं, ह्यो माणूस ऐनवेळी न्हाई म्हणंल बघा. पोरीचं लगीन मोडंल."

मांडवात दाजींनी सगळ्यात लाडकं, काळ्या तबकडीचं घड्याळ बाहेर काढलं. आम्ही सगळे श्वास रोखून. नवरदेवानं ते नीट पाहिलं आणि दाजींना म्हणाला, "आप्पा, आमच्या शॉपफ्लोअरवर, मशीनपाशी, घड्याळ चालत न्हाई, गेटवरच काढावं लागतंय. मला न्हाई जमायचं सांभाळायला. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." हुश्श! आक्कानं देवाला हात जोडले, मी तर आनंदानं दोन जिलब्या जास्त हाणल्या.

पाठवणीला दाजींनी तेच घड्याळ काढलं आणि लेकीच्या मनगटावर, हिरव्या चुड्याच्या वर, बांधलं. "रोज सकाळी चावी देत जा," एवढंच म्हणाले आणि लहान पोरासारखे रडले.

आता रोज सकाळी ते तिला फोन लावतात. "चावी दिली का?" "दिली, आप्पा." फोन बंद. परवा माझ्यासमोरच लावला, आणि मी वैतागलो. "अहो दाजी, पोर एवढ्या खटल्याच्या घरात पडलीय. सासू कशी, जेवली का, काही विचाराल की नाही? घड्याळाचं काय घेऊन बसलाय!"

"पाव्हणं," ते शांतपणे म्हणाले, "तसं इचारलं तर पोरगी समदं बरं हाय असंच म्हणंल. पर घड्याळाचं ती खोटं सांगायची न्हाई, आन् चावी द्यायची म्हंजी घटकाभर निवांत बसावं लागतंय. एवढ्या मोठ्या घरात सकाळच्या पारी तिला तेवढं बसू देत्यात, म्हंजी पोर सुखात हाय."

मला एकदम हायसं वाटलं.