हलका चाप

नाशिक सोडलं तेव्हा गाडीच्या डिकीत एक कुलूपबंद पेटी होती, पेटीत माझं रिव्हॉल्वर आणि पर्समध्ये त्याचा परवाना. पाथर्डीच्या पलीकडच्या एका गावात ते दाखवायला न्यायचं होतं. 'दाखवायला' हा शब्द आमच्या ह्यांचा. घरातलं म्हातारं माणूस डॉक्टरला दाखवायला नेतात ना, त्याच सुरात ते म्हणाले, "जा, दाखवून आण एकदाचं." खरं दुखणं रिव्हॉल्वरचं नव्हतंच, माझं होतं. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, नेमबाजी मात्र सोडली नाही, आणि आता उजव्या हाताच्या सांध्यांनी सूड उगवायला घेतला आहे. तर्जनी सकाळी दुमडायलाच तयार नसते.

जे ह्या खेळातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझं रिव्हॉल्वर पॉइंट टू-टूचं, स्पर्धेपुरतं. जलद मालिकेत, म्हणजे ठरल्या वेळात लागोपाठ गोळ्या मारताना, चाप ओढला की त्याच ओढीत काडतुसांचं चक्र फिरतं, हातोडी मागे जाते आणि सुटून काडतुसावर आपटते. हे सगळं काम एकट्या बोटाचं. अंगठ्याने हातोडी आधी मागे घेता येते, चाप मग हलका लागतो, पण तेवढी उसंत मालिकेत नसते, आणि माझा अंगठा तर तर्जनीच्याही आधी संपावर गेला. मग उपाय एकच, आतली स्प्रिंग मऊ करायची. पण ह्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या गोठात असतो. ती कड जोरात चेचली गेली तरच गोळी उडते. स्प्रिंग मऊ केली की चाप हलका होतो आणि हातोडीही हलकीच पडते. नाशिकच्या एकाने ती मऊ करून दिली होती. चाप छान झाला, पण अधूनमधून नुसतं 'टक्' व्हायचं.

राज्य स्पर्धा तोंडावर आली होती. मला पदक नको होतं. मला ह्या वर्षी त्या रेषेवर उभं राहायचं होतं, एवढंच. पाथर्डीकडचे पालवे मेजर चाप हलका ठेवूनही गोळी उडवून देतात, असं कुणीतरी सांगितलं आणि मी निघाले.

नेवासा जवळ आला तसा रस्ता उसाने भरला. पुढे एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा टायर फुटला होता आणि अर्धा ऊस रस्त्यावर पसरला होता. गाड्यांची रांग लागली. मी गाडी बंद करून खाली उतरले. बाजूच्या शेतात ऊसतोड कामगारांच्या कोप्या (पाचटाच्या झोपड्या) होत्या. एक बाई चुलीवर चहा उकळत होती. तिने न विचारताच कप पुढे केला.

"ताई, कुनीकडं निगाला?"

मी गावाचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, मेजरांना आवडणार नाही. बाई एकदम उठून उभीच राहिली.

"आवो, त्ये आमचंच गाव! मी सुमन. आमी समदे हितंच हावोत की आता. गावात कोन ऱ्हायलंय? म्हातारी मानसं, दोन-चार शेरडं. सोजर आजीला भेटा. तिला सांगा, सुमन बरी हाय."

"सांगते ना. घर कुणाकडे सोपवून आलात?"

"तिच्याकडंच. आमच्या आळीत निगताना समदे तिला सांगून निगत्यात. ती दिवेलागनीला दारोदार जाती, कुलपापुढं हुबी ऱ्हाऊन हाक मारती. हायेस का गं, म्हनती. मग जरा थांबती. घराला मानसाचा आवाज लागतो, ताई. न्हाईतर घर मुकं हुतं."

"थांबते कशाला? उत्तर कोण देणार?"

सुमन हसली. "त्ये काय ठावं! पर थांबावं लागतं."

रस्ता मोकळा झाला. प्रवरेच्या पुलावरून खाली बघितलं तर पाणी हललेलंही दिसत नव्हतं. कुकाणा गेलं, शेवगाव गेलं आणि हिरवं हळूहळू संपलं. पाथर्डीनंतर तर नुसती बरड जमीन, बाभळी आणि लांबवर गर्भगिरीचे बोडके डोंगर. आकाश स्वच्छ होतं, ऊन चांगलं होतं, तरी मी गाडीतला रेडिओ चालू करून ठेवला. का, ते सांगता येणार नाही.

गाव लागलं तेव्हा दुपार होती. पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप, तिसऱ्याच्या कडीला तार पिळलेली. अंगणं झाडलेली होती. तुळशीला पाणी घातलेलं होतं. दोरीवर एक लहान मुलाचं झबलं वाळत होतं आणि मूल कुठेच नव्हतं. मी हॉर्न वाजवला आणि लगेच मला त्याची लाज वाटली.

मारुतीच्या पारावर एक म्हातारी पाय लांब करून बसली होती. हीच सोजर आजी. डोळे पांढुरके, पण कान शाबूत. मी मेजरांचं घर विचारलं, तिने हाताने दाखवलं. मग मी निरोप सांगितला. "आजी, सुमन भेटली होती नेवाशाजवळ. बरी आहे म्हणून सांगितलंय."

"ठावं हाय. काल सांजंलाच बोलली."

"फोन आला होता का?"

"फोन कुटला, बाई. दारातनं बोलली." एवढं बोलून ती हातातली शेंग सोलत बसली. उन्हातही दंडावर काटा आला होता, तो तिला दिसला नसेल अशी आशा करत मी निघाले.

फौजेतून परतलेला माणूस कुठल्याही हुद्द्याचा असो, ह्या भागात तो 'मेजर'. पालवे मेजर फौजेच्या वर्कशॉपमध्ये हत्यारं दुरुस्त करायचे. आता परवाना घेऊन तेच काम घरी करतात. एकटेच असतात. मिशीला काळा रंग आणि बोलण्यात जोर. मी यायच्या आधीच त्यांनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, तिखट रश्शात शिजवलेल्या) करून ठेवले होते आणि ते स्वतःच त्यांची तारीफ करत होते. तारीफ खोटी नव्हती. लसणाने डोळ्यांत पाणी आलं, बाजरीची भाकरी चुरून मी दोनदा वाढून घेतलं.

जेवण झाल्यावर त्यांनी रिव्हॉल्वर उघडलं. आधी स्पर्धेत करतात तशी तपासणी केली. रिकामं असल्याची खात्री केली, नळी आभाळाकडे धरली आणि चापाला वजन अडकवून ते अलगद उचललं. नियमाच्या किमान वजनाला हातोडी पडता कामा नये. नाही पडली. जलद मालिकेतल्या लांब ओढीचं वजन त्यांनी बोटानेच जोखलं आणि मान हलवली.

"मॅडम, ह्ये लई हलकं झालंय. थोडं जड करावं लागंल."

"जड केलं तर मला ओढवणार नाही. तेवढ्यासाठी तर आले."

"मग असं करू. हातोडीचं टोक जरा नीट करतो, स्प्रिंग हाय तशीच ठिवतो. हून जाईल. आपल्या हाताखालून गेलेलं कधी फसलेलं न्हाई."

त्यांचा आत्मविश्वास मला हवाच होता, म्हणून मी तो बिनतक्रार विकत घेतला. तास-दीड तास त्यांनी खाटखूट केली. ऊन कलायला लागल्यावर आम्ही गावामागच्या जुन्या खडीच्या खाणीत गेलो. चाचणीसाठी तिथे त्यांनी परवानगी काढलेली आहे. तिन्ही बाजूंनी काळा कातळ, समोर मातीचा उंच बांध, आणि मागे यायची एकच वाट. आसपास घर नाही, झाड नाही. कानांना गार्ड लावले तेव्हा वाटलं, ह्यांची इथे गरजच काय? आवाज होता कुठे?

पहिल्या दोन मालिका झकास गेल्या. बोट दुखत होतं, पण ओढत होतं. सगळ्या गोळ्या उडाल्या. मला इतका आनंद झाला की मी मेजरांना चक्क टाळी दिली. पुढच्या मालिकेला कागद बदलायचा म्हणून आम्ही गार्ड गळ्यात उतरवले होते. मेजर घड्याळ घेऊन माझ्या बाजूला आले आणि घाईत म्हणाले, "चला, आता स्पर्धेच्या वेळेत." गार्ड परत चढवायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. मीही उत्साहात हात उचलला.

पहिली उडाली. दुसरी उडाली. तिसऱ्याला 'टक्'.

नियम साधा आहे आणि पोरासोरांनाही शिकवतात. गोळी उडाली नाही तर नळी समोर धरून थांबायचं. कधीकधी मसाला आत धुमसत असतो आणि गोळी उशिरा सुटते. पण रिव्हॉल्वर वापरणाऱ्यांना एक वाईट खोड असते. 'टक्' झालं की आम्ही सरळ पुन्हा चाप ओढतो, कारण चक्र फिरून नवं काडतूस समोर येतं आणि मालिका वाचते. आणि जुनं काडतूस तेव्हाच पेटलं, तर त्याच्यासमोर नळी नसते, लोखंड असतं, आणि रिव्हॉल्वर हातातच फुटतं.

"मारा, पुढची मारा! वेळ चाललाय!" मेजर ओरडले.

माझं बोट चापावर परत टेकलं. तेवढ्यात मागून, खाणीच्या तोंडाकडून, हाक आली.

"हायेस का गं?"

म्हातारीचा आवाज. स्वच्छ, सावकाश. मी हात तसाच समोर धरून थांबले. मेजरही थांबले. हाकेनंतर जी शांतता पडली ती मी आयुष्यात विसरणार नाही. कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं आणि ते उत्तर माझ्याकडून हवं होतं, असं मला अगदी खात्रीने वाटलं. तोंड उघडायचं धाडस झालं नाही.

आणि माझ्या हातात, चाप कुणीही न ओढता, गोळी सुटली.

समोरच्या बांधात माती उडाली. कातळांनी तो आवाज एकमेकांकडे टोलवला आणि मग तोही गेला. मी रिव्हॉल्वर उघडून खाली ठेवलं. मेजरांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मी मारा म्हनलो," ते म्हणाले. "मॅडम, मीच म्हनलो."

आम्ही दोघं वाटेवर आलो. कुणी नव्हतं. वाट सरळ गावापर्यंत उघडी दिसत होती, लपायला एक झुडूप नव्हतं. धुळीत पावलं होती ती आमचीच. मेजरांनी मोठ्याने "सोजराबाई!" म्हणून हाक मारली आणि लगेच, मारायला नको होती असं तोंड केलं.

पारावर सोजर आजी तशीच बसली होती. पुढ्यात शेंगांची टरफलं, मांडीवर एक मांजर.

"आजी, आत्ता खाणीकडे आला होता का?"

"न्हाई बा. आज अजून निगालेच न्हाई. ऊन उतरू दी की." मग तिने पांढुरके डोळे माझ्याकडे वळवले. "तिकडं काय हाय? तिकडं घर न्हाई, दार न्हाई. हाक कुनाला मारायची?"

मी मेजरांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. आम्ही परत घरी आलो.

ओट्यावर बसून त्यांनी रिव्हॉल्वर पुन्हा खोललं. जुनी, जड स्प्रिंग माझ्या पेटीतल्या डबीतून काढली आणि माझ्यापुढे धरली. "तुमी सांगा. हीच बसवू?"

मला रडू आलं. ती बसवली की काय होणार ते मला माहीत होतं. पण मघाची माती डोळ्यांसमोर होती. तेव्हा माझ्या शेजारी हा माणूस उभा होता. पुढच्या वेळी शेजारच्या रेषेवर आणखी कुणी असेल.

"बसवा," मी म्हटलं.

त्यांनी बसवली आणि रिकामं रिव्हॉल्वर माझ्या हातात दिलं. मी चाप ओढला. अर्ध्यावर बोट अडकलं. दुसऱ्यांदा दोन बोटं लावली तेव्हा हातोडी पडली, खणखणीत. आवाज असा की काडतूस नसतानाही पटावं, ही फसणार नाही. मेजर आत गेले आणि वाटेत खायला भाकरी बांधून घेऊन आले.

निघाले तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. आळीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली आणि काच खाली केली. सोजर आजी खरोखरच निघाली होती. काठी टेकत एका कुलपापुढे उभी राहिली, हाक मारली, थांबली, पुढे गेली. पुढच्या दारापुढे तसंच. तो आवाज मघाचाच होता, तसूभर वेगळा नव्हता. एका दारापाशी मात्र ती जास्त वेळ थांबली, मान डोलावली आणि "बरं, बरं" म्हणाली. मी काच वर केली आणि नेवाशापर्यंत कुठेही थांबले नाही.

ह्या गोष्टीचा अर्थ मला लावता आलेला नाही. शास्त्र शिकलेले मित्र म्हणतात, खाणीत आवाज कुठूनही वळून येतो. येत असेल. पण म्हातारी बोललीच नव्हती, तर वळलं काय? मी एवढंच जाणते की हाक आली नसती तर हे लिहायला हा हात नसता. आणि त्या हाकेला मी उत्तर दिलं नाही, ह्याची भीती अजून जात नाही.

घरी पोचले तेव्हा हे जागे होते. पेटी माझ्या हातातून घेऊन त्यांनी टेबलावर ठेवली.

"झालं का काम?"

"झालं."

"उडते आता गोळी?"

"उडते. दर वेळी उडेल."

"मग तोंड का असं?"

मी उजवा हात त्यांच्यापुढे केला. तर्जनी संध्याकाळपासून वाकडी होती ती तशीच होती. "मला ओढवत नाही हो आता," मी म्हणाले. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि ते बोट आपल्या दोन्ही तळव्यांत धरून शेकत राहिले.