न वाचता पाठवलेला निरोप

वेल्ह्यात तेव्हा तापाची साथ चालू होती आणि माझ्या दवाखान्यात गर्दी होती. दुपारी डबा खात असतानाच गुंजवणे गावच्या एका मावशींचा रिपोर्ट पुण्याहून मोबाईलवर आला. स्तनातली गाठ कॅन्सरची होती.

फोन करायला हवा होता. पण तो फोन पाच मिनिटांत संपला नसता, आणि माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. मी रिपोर्ट, नावासकट, एआयला दिला आणि सोप्या मराठीत धीराचा निरोप लिहायला सांगितलं. वरच्या दोन ओळी वाचल्या, पाठवला आणि पुढचा पेशंट आत घेतला.

दोन दिवसांनी मावशी सुनेला घेऊन आल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर, लई मायेनं लिवलंत. पर माझ्यापायी उपाशी नका ऱ्हाऊ."

मला कळेना. सुनेनं मोबाईल पुढे धरला. 'तुमचा रिपोर्ट वाचून मला जेवण गेलं नाही. काळजी करू नका, तुम्ही नक्की बऱ्या व्हाल.'

त्या दिवशी मी डबा चाटूनपुसून खाल्ला होता. गप्प राहता आलं असतं. पण मावशी माझ्याकडे इतक्या काळजीनं बघत होत्या की मी सांगून टाकलं, "मावशी, हे मी लिहिलेलं नाही. मोबाईलनं लिहिलंय. मी पुरतं वाचलंही नव्हतं."

मावशी पदराशी चाळा करत बसल्या. सून मात्र चिडली. "मग बऱ्या व्हाल, ह्ये कुणी सांगितलं? तुमी का त्येनं?"

"त्यानं. मी एवढं ठामपणे सांगू शकत नाही."

"आमी ते चारचारदा वाचलंय, डॉक्टर."

मी माफी मागितली. दार लोटून घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला बसलो: गाठ केवढी आहे, ऑपरेशन कसलं, काय सांगता येतं, काय नाही. बाहेर लोक खोळंबले होते. मावशींनी एकच विचारलं, "हात चालंल का माझा? भातलावणी हाय." ते मशीनला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

ऑपरेशन झालं, औषधं चालू आहेत. आता वाईट बातमी मी स्वतःच सांगतो. थकलेला असतो, शब्द धड सापडत नाहीत. मावशी येतात, पण मी काही सांगितलं की आधी विचारतात, "ह्ये तुमी सांगताय न्हवं?"

मी हो म्हणतो. सून तरीही माझ्या तोंडाकडे बघत राहते.