हामीनच्या पातेल्यातली चटणी

सिम्हाबाई झिराडकरांच्या कोकणी यहुदी घरात आभार तोंडाने मानण्याची रीत नव्हती. आजारातून कोणी उठलं, मुलगी सैन्यातली दोन वर्षं पुरी करून सुखरूप परतली, की मलिद्याचं ताट मांडायचं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वर पाच प्रकारची फळं. प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना म्हणायची आणि दारात येईल त्याच्या हातावर वाढायचं. अलिबागजवळच्या खेड्यातून येरुहामच्या रेताड उजाड माळावर आल्यालाही पस्तीस वर्षं झाली, पण ही सवय तशीच राहिली. म्हणूनच १९९८ च्या नोव्हेंबरात, येरुहाम सोडून लेकीजवळ यरुशलेमला राहायला जाण्याचा दिवस ठरला, तेव्हा सामान कसं बांधायचं यापेक्षा एक वेगळीच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. जिन्यात आणखी सात दारं होती. त्या सात घरांच्या हातावर काय ठेवून निघायचं?

कारण तसंच होतं. मार्चमध्ये, पुरीमच्या सणाच्या सुमारास नवरा बेझालेल आजारी पडला. तळमजल्याच्या घरामागे त्याने तीस वर्षं खपून एक बाग उभी केली होती. त्या वसंतात लावलेली टोमॅटोची रोपं जेमतेम वीतभर झाली होती. सिम्हाबाई रोज सकाळच्या बसने बेरशेव्याच्या इस्पितळात जात आणि अंधार पडता पडता परतत. चौथ्या की पाचव्या दिवशी त्या परतल्या तेव्हा वाफे ओले होते. जिन्याच्या भिंतीवर समोरच्या मिरियामने एक कागद डकवला होता: आठवड्याचे सात वार, सात घरांची नावं, शनिवारच्या, म्हणजे शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, रकान्यात ‘शुक्रवारीच दोनदा’. सिम्हाबाईंना कोणी विचारलं नव्हतं की सांगितलं नव्हतं. ऐन उन्हाळ्यात, आव महिन्यात, बेझालेल गेला. कागद पुढेही तसाच राहिला. उन्हाळ्यात होरपळून मलूल झालेली रोपं उकाडा ओसरल्यावर, तिश्री महिन्यात, पुन्हा फुलली आणि थंडीच्या तोंडावर टोमॅटोंनी लगडली.

पण रात्री गारठू लागल्या होत्या, फळ लाल होईना. गुरुवारी सिम्हाबाईंनी दोन बादल्या हिरवे टोमॅटो आणि झाडावरचे उरलेसुरले पेरू उतरवले. मलिद्याचं ताट घरोघर नेता येतं, पण ते त्याच दिवशी संपतं. हे फळ मात्र त्या शेजाऱ्यांच्याच पाण्यावर वाढलेलं होतं. त्याची चटणी करून बाटल्यांत भरली, तर हिवाळाभर त्यांच्या ताटात राहील. रविवारी सकाळी सामानाचा ट्रक यायचा होता. म्हणजे हातात दोनच दिवस होते, आणि त्यांतला एक शब्बाथचा.

“कशावर करणार?” बांधाबांधीला आलेल्या नातीने, अदीने, हिब्रूत विचारलं. आजी मराठीत बोलायची आणि अदी तिला ‘सावता’, म्हणजे आजी, म्हणत हिब्रूत उत्तर द्यायची; दोघींपैकी कोणालाही त्यात काही वावगं वाटत नसे. “गॅसचा सिलिंडर काल काढून नेला. पातेली खोक्यांत गेली, सावता. ती खोकी मी पुन्हा उघडणार नाही हं.”

“अगो, ते विजेचं आहे ना, तुझ्या आईने पाठवलेलं.”

ते पातेलं म्हणजे लेकीने, रोनितने, दिलेला स्लो कुकर. कारखान्यात चोवीस वर्षं बाटल्या उजेडापुढे धरून निवडल्यामुळे सिम्हाबाईंचं उजवं मनगट कामातून गेलं होतं. ढवळायला लागू नये म्हणून तिने तो पाठवला. त्यात त्या दर शुक्रवारी हामीन लावत. घेवडा, जव, बटाटे, मांसाचे तुकडे आणि वर बोटभर पाणी. सूर्यास्ताआधी झाकण ठेवायचं आणि शनिवारी दुपारी उघडायचं. शब्बाथला विस्तवाला हात लावायचा नसतो, आणि त्या पातेल्याला हात लावावा लागतही नसे. पाणी आपोआप मुरे.

“आणि उद्याचं हामीन?”

“एक शब्बाथ थंड जेवू. अंडी आहेत, मासळी आहे. मरत नाही आपण.”

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत सगळं चिरून झालं. टोमॅटो, पेरू, कांदे, लसणाच्या तीन गड्ड्या, आलं, सुक्या मिरच्या, मोहरी, व्हिनेगर. गुळाच्या जागी खजुराचा मध. पातेलं काठोकाठ भरलं. सिम्हाबाईंनी हामीनसाठी लावत तितकंच बोटभर पाणी सवयीने वर ओतलं, झाकण लावलं आणि सव्वाचारला शब्बाथच्या मेणबत्त्या पेटवल्या.

चूक त्यांच्या लक्षात आली ती शनिवारी सकाळी. झाकणाच्या काचेवर वाफेचे थेंब जमत होते आणि एकेक करून पुन्हा खाली पडत होते. हामीनमध्ये पाणी घेवडा पितो, जव पितात. इथे पिणारं कोणी नव्हतंच. उलट टोमॅटोने आपलंही पाणी सोडलं होतं. हिरवट तपकिरी रसात फोडी तरंगत होत्या.

अदी वाकून बघत म्हणाली, “सावता, हे सूप आहे.”

“चूप बस.”

“झाकण काढून ठेवलं तर आटेल.”

“शब्बाथला आटवायला ठेवू? तुझा आजोबा वरून बघतोय.”

“आजोबा चटणी खायचा तरी का?”

“दोन वाट्या खायचा. तुझ्यासारखी भाकरीवर चॉकलेट नाही फासायचा.”

हसू आलं, पण सिम्हाबाईंच्या जिवाची तगमग थांबली नाही. शब्बाथ सुटायला संध्याकाळचे सव्वापाच वाजणार. हे पातेलं झाकण काढून ठेवलं तरी त्याच्या मंद आचेवर आटायला दुसरा दिवस उजाडेल, आणि दुसऱ्या दिवशी ट्रक. सात बाटल्यांतून सात घरांना आंबट-गोड पाणी देऊन जायचं? त्यापेक्षा रिकाम्या हाताने गेलेलं बरं. पण रिकाम्या हाताने जाणंच तर त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

दुपारी दार वाजलं. मिरियाम. मराकेशहून आलेल्या बापाची लेक, बांधा आडवा, आवाज चार मजले ऐकू जाणारा.

“सिम्हा, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तुझ्या दाराला हामीनचा वास नाही. मोहरीचा येतोय. बरं आहे ना सगळं?”

सिम्हाबाईंनी आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत सगळं सांगितलं. चटणी कोणासाठी, तेवढं मात्र सांगितलं नाही. मिरियाम ऐकून गेली आणि दहा मिनिटांत खोल ताट घेऊन आली: तिचं हामीन, त्यात तपकिरी झालेली अंडी आणि गहू. तिच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचा अमिराम आला. बस चालवून निवृत्त झालेला हा माणूस आपल्या बायकोच्या हामीनची वाटी स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांत धरून जिना उतरला होता. आणखी दोन दारांतून आणखी दोन वाट्या आल्या. रिकामं पडलेलं टेबल भरून गेलं.

सिम्हाबाईंनी घास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. “बघ,” त्या अदीला म्हणाल्या, “देऊन जायचं म्हटलं, तर जाता जाता पुन्हा त्यांचंच खाल्लं.”

अदीने ते वाक्य, आजीने डोळे वटारले तरी, मिरियामला हिब्रूत सांगितलं. आणि चटणी कोणासाठी होती, तेही.

मिरियामने वाकून झाकणाच्या काचेतून आत पाहिलं. मग म्हणाली, “तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, की ते पातेलं माझ्याकडे आण. माझा गॅस अजून जागेवर आहे.”

शब्बाथ सुटला, त्याला निरोप देणाऱ्या हावदालाची मेणबत्ती द्राक्षरसात विझली, आणि ते जड पातेलं अदी आणि अमिरामने समोरच्या घरात नेलं. मिरियामने तिची कुसकुसचा रवा वळायची रुंद परात गॅसच्या दोन शेगड्यांवर आडवी ठेवली. चटणी ओतली, वाफ छताला लागली. आता सतत ढवळणं आलं. सिम्हाबाईंनी हात पुढे केला, तर मिरियामने लाकडी डाव काढून घेतला.

“तुझं मनगट यरुशलेमला धड पोहोचू दे. अमिराम, तू दहा मिनिटं. मग मी. मग वरची रिव्हका.”

वार नव्हते, रकाने नव्हते, पण बागेच्या पाण्याचा कागद तोच होता. एकेक घर येऊन उभं राहिलं, ढवळून गेलं, जाताना चाखून नाक पुसत गेलं. अमिरामने बसच्या गोष्टी सांगण्याच्या नादात थोडी तळाला लागू दिली.

“एलातच्या रस्त्यावर बस नाही कधी जाळलीस, चटणी जाळलीस!” मिरियाम ओरडली. सिम्हाबाईंनी चमचा घेऊन चाखलं. करपल्याचा किंचित वास होता, आणि त्या वासाने मिरची आणि मध एकमेकांत मिसळून गेले होते.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “बरी लागते.”

साडेसातला डाव परातीत उभा राहिला. काकडीच्या लोणच्याच्या धुतलेल्या बाटल्या सिम्हाबाईंनी जुन्या सवयीने एकेक दिव्यापुढे धरून तपासल्या. चटणी आटून निम्मी झाली होती. बरोबर सात बाटल्या भरल्या. परातीच्या कडांना उरलेली त्यांनी आणि अदीने पावाने पुसून खाल्ली. यरुशलेमला न्यायला काही उरलं नाही.

रविवारी ट्रक दाराशी लागला तेव्हा सहा बाटल्या पोहोचल्या होत्या. सातवी घेऊन सिम्हाबाई समोरच्या दारात उभ्या राहिल्या. चार वाक्यं त्यांनी हिब्रूत जुळवून ठेवली होती, अदीकडून तपासूनही घेतली होती. मिरियामचा चेहरा दिसला आणि एकही आठवेना. त्यांनी बाटली तिच्या हातावर ठेवली, तिचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि मराठीत म्हणाल्या, “तुझं घर भरलेलं राहू दे गो बाय. माझ्या माणसाची झाडं तू जगवलीस.”

मिरियामला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं. ती मान खाली घालून, सिनेगॉगमध्ये ऐकतात तसं, शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “आमेन.”

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. सिम्हाबाई रिकाम्या हाताने, हलक्या पावलांनी बाहेर पडल्या. बागेतली पाण्याची नळी त्यांनी गुंडाळून खोक्यात भरली नव्हती. ती वाफ्याच्या कडेला तशीच ठेवली होती.