निशातगंजचे बॅटरीवाले चाचा

निशातगंजमधल्या एका गच्चीवर आमच्या संस्थेचं हवा तपासायचं यंत्र होतं. त्यातला धूळ धरणारा कागद बदलायला मी रोज सकाळी जायची. खाली गल्लीत एक चाचा छोट्या भट्टीत शिसं वितळवून जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मला पाहिलं की स्टूल पुसून पुढे सरकवत म्हणायचे, "पहले चाय, फिर विज्ञान." चहा देताना त्यांचा हात थरथरायचा, म्हणून दुसऱ्या हाताने मनगट धरायचे.

कागदावरच्या बारीक धुळीत शिसं फार निघू लागलं. ते चाचांच्याच भट्टीतलं होतं. सांगायला जीभ रेटेना, पण एकदा सांगितलं. हा धूर श्वासातून रक्तात जातो, तुमची थरथरही त्यानेच असेल, आणि लहान मुलांच्या तर मेंदूला अपाय होतो.

धुरामुळे समोरच्या बालवाडीच्या खिडक्या कायम बंद असायच्या; ते तिकडे बघत राहिले. "हाथ तो मेरा है, मैडम," ते म्हणाले, "पर हवा मोहल्ले की है."

दुसऱ्या दिवसापासून भट्टी बंद. नुसतं चार्जिंग करून द्यायचे; निम्मं गिऱ्हाईक तुटलं. माझ्या आग्रहाखातर रक्त तपासलं, उपचारही घेतले. थरथर थोडी कमी झाली, पण गेली नाही.

काही आठवड्यांनी कागदावरचं शिसं उतरलं. मी धावतच सांगायला गेले. "अच्छा?" म्हणत चाचा उठले, सावकाश गल्ली ओलांडून बालवाडीच्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बहनजी, अब खिड़कियाँ खोल दीजिए."