एस्टोनियन टीमचा पुणेरी गोलकीपर

कॅनडात मिसिसागाला आम्ही घर घेतलं तेव्हा शेजारी एक एस्टोनियन आजोबा राहत होते. एस्टोनिया नेमका कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला ठाऊक होतं, असं तो म्हणतो. तो पुण्याचा, त्याला सगळंच ठाऊक असतं. आजोबा लहान असताना दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आईवडिलांबरोबर होडीत बसून देश सोडून निघाले होते. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी इकडे येऊन एक चर्च काढलं, एक गायनमंडळ काढलं आणि एक फुटबॉलची टीम काढली. आपल्या लोकांनी आधी मंडळ काढून लगेच त्यात दोन गट पाडले असते, पण ते असो.

आम्ही राहायला गेलो तोवर ती टीम उन्हाळी लीगच्या सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये येऊन पोचली होती. त्याखाली फक्त गवत. खेळणारे बहुतेक चाळिशीपुढचे, पोटं सुटलेले. तरुण पोरं हॉकीकडे गेलेली. आजोबा टीमचे मॅनेजर होते. बायको गेल्यापासून घरात एकटेच असायचे, आणि हिवाळाभर फावड्याने बर्फ उपसताना आमच्याशी बोलायचे ते फक्त टीमबद्दल.

एप्रिलमध्ये त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तू कधी काही खेळलायस का?"

"कीपर होतो," नवरा म्हणाला.

हे खोटं नव्हतं. तो विकेटकीपर होता, सोसायटीच्या आवारात, टेनिस बॉलने. पण आजोबांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. बुडत्याला काडीचा आधार. त्यांचा आधीचा गोलकीपर नोकरीसाठी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलमला निघून गेला होता.

"अरे, बेसमेंटमधले खोके अजून उघडले नाहीत," मी घरी आल्यावर म्हटलं. "आणि तुला फुटबॉल कुठे येतो?"

"अगं, कीपिंग इज कीपिंग. बॉल पकडायचा. त्यात काय एवढं?"

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी सोडून दिलं.

पहिल्या मॅचला मी घडीची खुर्ची घेऊन गेले. बाकीच्या बायका मैदानाच्या कडेला गप्पा मारत बसल्या होत्या. मी तिकडे निघाले, तर आजोबांनी माझ्या हातातून खुर्ची घेतली आणि थेट आमच्या गोलच्या मागे, जाळीच्या जरा डावीकडे नेऊन मांडली. "इथे बस," एवढंच म्हणाले. तिथे ना सावली, ना बोलायला कोणी. मला वाटलं, गेलेले बॉल आणून द्यायला बसवलंय. हाफ टाइमला बाजू बदलल्यावर त्यांनीच खुर्ची उचलून पलीकडच्या गोलमागे नेली.

आता, विकेटकीपर स्टंपच्या मागे उभा राहतो. त्या हिशोबाने नवरा गोलच्या रेषेमागे, जाळीला पाठ लावून उभा राहिला. पहिला फटका आला. त्याने तो झकास पकडला, बॉल उंच धरला आणि कौतुकासाठी वळून माझ्याकडे पाहिलं. रेफरीने गोल दिला.

"बट आय कॉट इट!" नवरा ओरडला. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान उतरायला निघालं होतं, त्यामुळे रेफरी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. चेहऱ्यावरून कळलं.

बॉल रेषेच्या आत पकडून काही उपयोग नसतो, हे मग सगळ्या टीमने मिळून त्याला समजावलं. पुढच्या मॅचपासून तो रेषेच्या पुढे उभा राहू लागला खरा, पण हाडातली सवय जाते थोडीच? क्रिकेटमध्ये बॉल हातात आला की हात मागे घ्यायचे, म्हणजे लागत नाही. नवरा बॉल घ्यायचा, हात पोटाशी न्यायचा, एक पाऊल मागे टाकायचा आणि बॉलसकट गोलमध्ये जायचा. घरी येऊन मैदानाला उतार आहे म्हणायचा. नाचता येईना, अंगण वाकडं. दगडापेक्षा वीट मऊ, म्हणून त्याला कोणी काढलं नाही.

मी मागे बसून किती वेळ गप्प राहणार? मी नागपूरची. आमच्याकडे कोणी हळू बोललं तर तब्येत विचारतात. "पुढे ये! अरे, पुढे ये!" मी ओरडायची. जुलैपर्यंत अख्ख्या एस्टोनियन टीमला तेवढं मराठी पाठ झालं. डिफेन्समधले दोघं एकमेकांना 'पुढे ये' म्हणायचे आणि मॅच संपल्यावर बिअरच्या कूलरकडे जातानाही तेच.

गंमत चालली होती, पण एक गोष्ट गमतीची नव्हती. मैदानात कमीत कमी सात खेळाडू नसतील तर मॅच न खेळताच समोरच्या टीमला दिली जायची, आणि अशी तिसरी मॅच दिली की टीम लीगमधून बाहेर. उन्हाळ्यात कॅनडातली माणसं वीकेंडला कॉटेजवर जातात, तशी आमची टीमही गेली. ऑगस्ट संपेपर्यंत आम्ही दोन मॅचेस दिल्या होत्या. तिसरी गेली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं टीम चालवणाऱ्या एस्टोनियन मंडळाने ठरवून टाकलं होतं. आजोबांनी हे आम्हाला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं आणि मग बराच वेळ टोमॅटोच्या रोपांना पाणी घालत राहिले.

शेवटची मॅच सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या लाँग वीकेंडला आली. मैदानावर पाच एस्टोनियन आणि आमचे हे. आम्हाला कॉटेज नव्हती, म्हणून आम्ही हजर. रेफरी घड्याळ बघत होता. आजोबांनी सगळ्यांना फोन लावून पाहिले. मग गाडीची डिकी उघडली आणि आतून स्वतःची जर्सी बाहेर काढली. दरवर्षी ते खेळाडू म्हणूनही नाव घालायचे, हे कोणाला माहीत नव्हतं.

"आजोबा, तुमचा तो दुखरा गुडघा?" मी म्हटलं.

"गोलमध्ये फक्त उभं राहायचं असतं," ते म्हणाले. नवऱ्याकडे बघून हसले. "हा राहतोच की."

नवऱ्याचे ग्लोव्ह्ज त्यांनी घातले. नवरा मैदानात पळायला गेला, म्हणजे बॉल जिथून नुकताच गेला असेल तिथे पोचायला. आमच्यावर गोलामागून गोल झाले. आजोबा रेषेला चिकटून, एका हाताने खांब धरून उभे होते. हाफ टाइमला ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी त्यांनी माझी खुर्ची उचलली. मी नेते म्हटलं, पण ऐकेनात.

शेवटी शेवटी समोरच्या टीमचा एक धिप्पाड खेळाडू एकटाच बॉल घेऊन आला. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पुढे ये!" मग जीभ चावली, सत्तरीच्या माणसाला अरेतुरे. पण आजोबांनी खांब सोडला. दोन पावलं पुढे गेले आणि पडले. बॉल त्यांच्या छातीवर आदळून बाहेर गेला.

ते उठेनात. ते बाहेर आले तर आम्ही सहा, आणि सगळं संपलं. मला मनापासून वाटलं, जाऊ दे ती टीम, यांना उठवू नका. नवरा धावत आला आणि खाली वाकला.

"किती वेळ राहिला?" आजोबांनी विचारलं. मग त्याच्या खांद्याला धरून उठले आणि शिट्टी होईपर्यंत उभे राहिले.

आम्ही दणकून हरलो. टीम वाचली.

गाडीत ते पुढच्या सीटवर गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसले होते. "ती तिथेच बसायची," ते अचानक म्हणाले. "माझी बायको. गोलच्या मागे, डावीकडे. मी कीपर होतो ना. ओरडायची, रेषेला चिकटून राहू नकोस, पुढे जा. मी कधी ऐकलं नाही."

मी मागच्या सीटवर होते. मला रडू आलं.

"आज ऐकलं," ते म्हणाले.

मे महिन्यात नवा सीझन सुरू झाला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आजोबा काठी घेऊन आले. मी दोन खुर्च्या नेल्या आणि गोलच्या मागे, जाळीच्या जरा डावीकडे, शेजारी शेजारी मांडल्या. पहिला फटका आला. नवऱ्याने एक पाऊल मागे टाकलं. मी तोंड उघडायच्या आत आजोबाच ओरडले, "पुढे ये!"